बिनपाण्याचा बंब

माझ्या परसात जी लोखंडी वस्तू उभी आहे ती मी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण ती तयार होत होती त्या तीन आठवड्यांत मी सगळ्या कॉलनीला उलटंच सांगत होतो. आता कबूल केल्यावर जरा मोकळं वाटतंय. बाकीचं सांगताना पुन्हा कोंडल्यासारखं होईल, पण सांगतो.

छप्पन्न सालची गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथं स्टोअरमध्ये हेड क्लार्क होतो. माझ्या हाताखाली दोन कारकून आणि एक शिडी. कारखान्याची कॉलनी माळावर नवी नवी बांधलेली. झाडं अजून गुडघ्याएवढी, पण चौकशा मात्र पूर्ण वाढलेल्या. प्रत्येक क्वार्टरला दोन खोल्या, मागं परस आणि परसाला तारेचं कुंपण. आमच्या कुंपणापलीकडं चिमाजी फिटर आणि त्याची आई गोजाबाई. गोजाबाई मूळची मोशीची. उभी हयात नदीकाठच्या शेतात काढलेली, त्यामुळं तिच्या लेखी कुंपण ही दृष्टी अडवायची वस्तू नव्हतीच.

यंत्रं बसवायला एक गोरा साहेब आला होता. परत जायच्या आधी त्यानं स्टोअरच्या मंडळींना बंगल्यावर जेवायला बोलावलं. बंगल्यामागं एक उभं पिंप होतं. तळाशी कोळसे, वर झाकण, झाकणाला आकडे आणि आकड्यांना मटण टांगलेलं. पाणी नाही, तेल नाही, तिखटाचा तर पत्ताच नाही. चार तास नुसता धूर. मी मनात म्हटलं, याला जेवण म्हणतात होय? ही तर बोकडाला मेल्यानंतर दिलेली शिक्षा. आणि मग पहिला घास तोंडात गेला.

मी कोल्हापूरकडचा माणूस. मटणाच्या बाबतीत आम्ही सहसा दुसऱ्या कुणाला मानत नाही. पण त्या घासापुढं मी हात टेकले. बाहेरून खरपूस, आत लोण्यासारखं, आणि वास तर असा की डोळे आपोआप मिटावेत. साहेब खूश झाला आणि त्यानं मला कागदावर त्या पिंपाची आकृती काढून दिली. वर नाव लिहिलं, ‘स्मोकर’. तो कागद मी घडी घालून छातीशी ठेवला. आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी इतकी जपली नव्हती, आणि हे मी घरी बोलून दाखवलं. तिथूनच पनवती सुरू झाली.

सुमनचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, मटणाचा रस्सा कॉलनीत प्रसिद्ध. त्या रविवारी पानावर बसल्यावर मी म्हणालो, “तुम्ही बायका मटणाला पाण्यात बुडवून मारता. खरं मटण पाण्याशिवाय शिजतं.”

सुमननं वाढता वाढता पळी थांबवली. “मग तुम्हीच करा,” ती म्हणाली. “तुमचं होईपर्यंत या घरात मटण शिजायचं नाही.”

आता आली का पंचाईत! मला साधा खिळा ठोकता येत नाही. ठोकला तर तो भिंतीत न जाता माझ्याकडं बघत राहतो. म्हणून मी बरकतला गाठलं.

बरकत चाकणचा. आमच्या कारखान्यात टेंपररी वेल्डर. सावळा, बारीक, बोलणं कमी. त्याचं काम मी पाहिलं होतं. दोन पत्रे जोडायचा तेव्हा जोडाची रेघ अशी सरळ आणि बारीक यायची, की जणू मोत्यांची ओळ. मी मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला जायचो. पण त्या दिवसांत बरकतचा चेहरा उतरलेला होता. यंत्रं बसवून झाली होती आणि टेंपररी माणसांतून कोण कायम राहणार, कोण घरी जाणार याची यादी महिन्याभरात लागणार होती. यादी फोरमन अर्जुनराव करणार. आणि बरकतनं केलेली पाण्याची एक टाकी ठिबकली होती.

“साहेब, जोड माझा सुटला न्हाई,” बरकत मला म्हणाला. “पत्राच सडका होता. जोडाच्या बाजूला फुटला. पर फोरमनसाहेब म्हनतात, टाकी गळली, वेल्डर गळका. यादीत न्हाई आलो तर पुन्हा चाकणला बादल्यांना बुडं लावत बसायचं. घरवालीनं, रहमतबीनं, इथं पोरींना शाळेत घातलंय. तिला काय सांगू?”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी माझ्या अंगात एकदम मोठेपणा संचारतो. म्हणालो, “बरकत, तू मला हा स्मोकर करून दे. अर्जुनरावांना मी घरी जेवायला बोलावतो. आडवा हात मारून ते तृप्त झाले की हळूच सांगतो, हे यंत्र आपल्या बरकतचं. झालं तुझं काम!” बरकतचे डोळे भरून आले. मलाही माझं बोलणं ऐकून भरून आलं.

बरकतनं आकृती बघितली आणि तिच्यात चूक काढली. साहेबानं कोळशाला हवा मिळावी म्हणून तळाला भोकं दाखवली होती. बरकत म्हणाला, “भोकातून राख पडंल, आपल्या माळावरचा वारा शिरंल, मटणात माती जाईल. त्यापेक्षा तळ बंद ठेवू. बाजूनं एक नळी लावू आन् तिचं तोंड वर काढू, कमरेइतकं. वर टोपण. टोपण जितकं उघडायचं तितकी हवा.” शिकलेल्या साहेबाला जे सुचलं नाही ते या चाकणच्या माणसाला खडूच्या दोन रेघांत सुचलं. मी थक्क झालो. लगेच चिमाजीला जाऊन सांगितलं, “मी साहेबाच्या आकृतीत सुधारणा केली आहे.”

बरकतनं चाकणच्या भंगारातून जाड पत्रा निवडून आणला. त्याचा मावसभाऊ शौकत चिंचवडला वेल्डिंगचं दुकान चालवायचा, तिथं ड्यूटी संपल्यावर बरकत काम करी. मी रोज सायकलवरून देखरेख करायला जायचो. माझी देखरेख म्हणजे स्टुलावर बसून चहा पिणं. पण काय हात होता त्याचा! ठिणग्यांच्या मागं तो चष्मा लावून बसला की त्याचा खांदासुद्धा हलायचा नाही. एक जोड झाला की बोटानं चाचपून बघायचा, मान हलवायचा आणि घासून पुन्हा करायचा. मी म्हणायचो, “अरे, यात मटण टांगायचंय, धरणाचं पाणी अडवायचं नाहीये.” तो म्हणायचा, “साहेब, जोड म्हनजे जोड. आत काय हाय त्याला काय करायचं?”

इकडं मला सरकारी अडचण आली. परसात पक्की वस्तू उभी करायची तर क्वार्टर्सच्या ऑफिसची परवानगी लागे. मी इंग्रजीत रीतसर अर्ज केला की परसात एक स्मोकर ठेवू इच्छितो, परवानगी असावी. आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘सदर इसमाचे नाव, वय व अर्जदाराशी नाते कळवावे. पंधरा दिवसांहून जास्त पाहुणा ठेवता येत नाही. तसेच सदर इसमास परसात न ठेवता घरात ठेवावे.’

मी तडक ऑफिसात गेलो. तिथं भिमाजी नावाचे क्लार्क होते. त्यांना समजावलं, की स्मोकर म्हणजे विड्या ओढणारा माणूस नव्हे, धुरावर मटण शिजवायचं यंत्र. भिमाजींनी शांतपणे नियमांचं पुस्तक उघडलं. यंत्राला इंजिनिअरची सही हवी. धुराला आरोग्य खात्याची हवी. मटणाला कुणाची हवी हे पुस्तकात नव्हतं, त्यामुळं ते वरती विचारावं लागणार होतं. वरती म्हणजे थेट मुंबईला.

“भिमाजी, काहीतरी मार्ग काढा राव,” मी गयावया केली.

त्यांनी आकृती उलटसुलट करून बघितली. “उभं पिंप आहे. खाली कोळसे आहेत. बाजूला नळी आहे. अहो यशवंतराव, हा तर बंब आहे! बंब लिहा. आंघोळीच्या बंबाला परवानगी लागत नाही.”

मी त्यांच्या टेबलाशी बसून लिहिलं, ‘परसात एक बंब बसवीत आहे.’ भिमाजींनी शिक्का मारला. माणूस रुक्ष, पण डोकं काय चालतं! मी पेढे दिले. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत बातमी झाली, की यशवंतरावांनी स्वतःच्या हातानं मोठा बंब केलाय. मी कुणालाच नाही म्हणालो नाही.

शेवटी तो रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी यादी लागायची होती. बरकत सकाळीच चाकणहून दोन मांड्या घेऊन आला. मी त्यांना मीठ चोळलं, आकड्यांना टांगल्या, आणि बाभळीचा कोळसा पेटवून वर आंब्याची ओली ढलपी टाकली. धूर निघू लागला. त्याबरोबर सल्लेही निघू लागले. चिमाजी म्हणाला, धूर पांढरा आहे, काळा हवा. पलीकडच्या सुभद्राबाई म्हणाल्या, धूर काय रंगाचा असेल तो असू द्या, पण माझ्या धुतलेल्या लुगड्यांकडं येतोय. कुणी म्हणालं झाकण उघडा, कुणी म्हणालं मुळीच उघडू नका. बरकत एकटा गप्प उभा होता. नळीचं टोपण बोटभर फिरवायचा, वास घ्यायचा, पुन्हा थोडं फिरवायचा. तीन तासांनी असा घमघमाट सुटला की सुभद्राबाईंनी लुगड्यांचा विषय सोडला आणि सुमननं स्वयंपाकघराच्या दारातून नकळत डोकावून बघितलं. मी मान ताठ केली.

साडेबाराला अर्जुनराव आले. करडा, कडक माणूस. पांढरं धोतर, कोट आणि गळ्यात तुळशीची माळ.

कारखान्यात कोटाच्या बंद गळ्याआड ती मला कधी दिसली नव्हती. “अर्जुनराव, ही... ही कधी?”

“झाले दोन महिने. आळंदीला जाऊन घातली,” ते म्हणाले. “मासमच्छी सुटली. बरं वाटतं. तुमचं आमंत्रण आलं, म्हटलं यशवंतरावांकडं पोळीभाजी खाऊन यावं.”

अहो, मी या माणसाला दोन मांड्या चारणार होतो! सुमननं मात्र क्षणभर माझ्याकडं बघितलं, आत गेली आणि लगेच कांदे चिरायचा आवाज आला. पोह्यांची तयारी. त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण अर्जुनराव आधीच वास घेत परसाकडं निघाले होते.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

माळकऱ्याला काय सांगणार? माझ्या तोंडून सरकारी शब्द निघाला. “बंब,” मी म्हणालो.

“बंब? मग नळाची तोटी कुठंय?”

“तोटी... लावायचीय अजून.”

त्यांनी पिंपावर टिचकी मारली. खणखणीत रिकामा आवाज आला. “अहो, यात पाणी नाही!” अर्जुनराव ओरडले. “पाण्याशिवाय बंब पेटवलाय?”

पाण्याशिवाय पेटलेला बंब ही काय चीज असते ते ज्याच्या घरी बंब आहे त्यालाच ठाऊक. सांधे सुटतात, तांब्याची वस्तू हातची जाते, घरातल्या बाईला वर्षभर बोलणी बसतात. कुंपणापलीकडं गोजाबाई भांडी घासत होती. तिच्या कानावर नेमके तेवढेच शब्द पडले.

“आगं बया! पानी न्हाई?” म्हणत ती दोन्ही हातांत दोन भरल्या बादल्या घेऊन उठली. सत्तरीची बाई, पण कुंपणाच्या मोडक्या भागातून अशी आली की मला हूं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. पदरानं झाकण धरून तिनं ते उचलून बाजूला सारलं, मांड्यांसकट, आणि ते पिंपाच्या काठावर तिरपं अडकून राहिलं. “सरा बाजूला! फुटंल की वो!” एक बादली आत. भडाभडा वाफ. दुसरी बादली आत. राखेचा ढग माळावरच्या वावटळीसारखा उठला आणि आम्हा सगळ्यांवर बसला. आतून बराच वेळ चर्रर्र आवाज येत राहिला. माझ्या काळजातून येत होता की पिंपातून, ते कळेना.

ढग ओसरला. गोजाबाई कमरेवर हात ठेवून, राखेनं पांढरीफटक, समाधानानं उभी होती. “वाचला तुमचा बंब,” ती म्हणाली. मग तिची नजर झाकणाकडं गेली. झाकणाखाली राखेनं माखलेल्या दोन मांड्या लोंबकळत होत्या. “अवो यसवंतराव,” ती हळूच म्हणाली, “बंबात बोकड हाय.”

कुणी हसलं नाही. अर्जुनरावांच्या कोटावर राख, माळेवर राख, मिशांवर राख. बरकत भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला समजलं, की त्यानं मनातल्या मनात रहमतबीला चाकणची गाठोडी बांधायला सांगितलंय.

अर्जुनराव पिंपाभोवती फिरू लागले. एक फेरी. दुसरी फेरी. मग धोतर सावरून उकिडवे बसले आणि खिशातला पांढरा रुमाल काढून पिंपाच्या तळाच्या आणि नळीच्या जोडावर फिरवला. सबंध गोल. रुमाल डोळ्यांजवळ धरून बघितला आणि माझ्याकडं वळून, ज्या आवाजाला अख्खा कारखाना कापतो त्या आवाजात विचारलं,

“हे कुणी केलं?”

तीन आठवडे मी साऱ्या कॉलनीला ‘मी केलं’ म्हणून सांगत होतो. चिमाजीला सांगितलं होतं, भिमाजींना सांगितलं होतं, पोस्टमनलाही सांगितलं होतं. आणि आता विचारणारा समोर होता. मी एका क्षणाचाही विचार केला नाही. हात सरळ केला आणि बरकतकडं बोट दाखवलं.

“यानं,” मी म्हणालो. “सगळं यानं केलं. माझा काही संबंध नाही.”

बरकत पुढं आला. मान खाली.

“लाल झालेलं लोखंड,” अर्जुनराव म्हणाले, “त्यावर दोन बादल्या थंड पाणी. चांगल्या चांगल्या जोडांना तडा जातो. आणि इथं...” त्यांनी रुमाल झटकून सगळ्यांसमोर धरला. कोरडा ठणठणीत. “एक थेंब नाही. नळीच्या जोडाला नाही, तळाला नाही. आमच्या कारखान्यात पाणी भरून टाकी तपासतात, पण अशी कुणी तपासत नाही.” त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. “बरकत, त्या टाकीचा पत्रा सडका होता म्हणालास तू.”

“व्हय साहेब.”

“मी बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही. माझी चूक.” ते उठले. “यादीत तुझं नाव नव्हतं. आज संध्याकाळी घालतो. उद्या कामावर ये, आणि ती टाकी तूच नवीन कर.”

बरकतनं दोन्ही हात जोडले आणि मग तोंड फिरवून उगाचच पिंपावरची राख पुसायला लागला. गोजाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि चिमाजीला म्हणाली, “बग, म्या पानी वतलं म्हनून.” आणि ते खरंच होतं.

अर्जुनराव पुढच्या खोलीत पोहे खाऊन, दोनदा मागून घेऊन, गेले. सुमननं कुणाला काही न विचारता मांड्या उतरवल्या, सात पाण्यांनी धुतल्या, तुकडे केले आणि मोठ्या पातेल्यात तिचा रस्सा टाकला. तासाभरानं तिनं झाकण काढलं. काय सांगू तुम्हाला! तिचा तांबडा रस्सा आणि त्याच्या आत, खोल कुठंतरी, बरकतच्या पिंपातला आंब्याचा धूर. मी साहेबाचं मटण खाल्लं होतं, आईच्या हातचं खाल्लं होतं, पण असं नाही. पाण्याशिवाय मटण शिजतं हे वाक्य मी त्या घरात पुन्हा कधी उच्चारलं नाही.

बरकतनं रहमतबीला आणि पोरींना बोलावून आणलं. सगळे परसात सतरंजीवर बसलो. बरकत माझ्या शेजारी होता. हातातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, “साहेब, एक सांगू? लोक दुसऱ्याचं काम आपलं म्हनून सांगतात. तुमी फोरमनसाहेबांसमोर सरळ माझं नाव घेतलं. राखेत उभं राहून घेतलं. असा मानूस मी बघितला न्हाई. पोरींना मी सांगनार हाय, नाव घ्यावं तर यशवंतरावसाहेबांसारखं.”

रहमतबीनं मान डोलावली. दोन्ही पोरी माझ्याकडं टकामका बघू लागल्या. खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी नुसतं “असू दे, असू दे” म्हणालो, आणि ते म्हणताना मला माझीच भयंकर लाज वाटली.

सुमन वाढत होती. तिनं बरकतच्या ताटात मांडीचा सगळ्यात मोठा तुकडा घातला, रहमतबीला घातला, पोरींना घातला. मग माझ्यासमोर आली. माझं बोट कसं आणि कशासाठी वर झालं होतं ते तिनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं होतं. तिनं माझी वाटी काठोकाठ भरली. त्यात नुसता रस्सा होता. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि दुसऱ्यांदा मागितला नाही.